युकॉनला कुक म्हणून जायचंय, पैसे भरू का?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: कॅनडाच्या उत्तरेकडच्या भागातल्या शेफ-कुकच्या नोकऱ्या. मी २००६ ते २०१९ अशी तेरा वर्षं तिकडच्या किचनमध्ये काढली. आधी युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सच्या हॉटेलांत, नंतर नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या येलोनाइफ गावाच्या पलीकडे हिऱ्याच्या खाणीच्या कॅम्पात. आता नाशिकमध्ये हॉटेल लाइनच्या मुलांना शिकवतो. म्हणून या वेळची सगळी जागा याच पत्रांना देतोय. कुणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न : सर, मी २६ वर्षांचा आहे, सातपूरला राहतो. हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा करून पाच वर्षं झाली. सध्या गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टमध्ये इंडियन सेक्शनला सीडीपी (शेफ द पार्टी, म्हणजे एका सेक्शनचा कुक) आहे, हातात २४ हजार येतात. कॉलेज रोडच्या एका एजंटने मला कॅनडातल्या युकॉनचं, व्हाइटहॉर्स शहरातल्या रेस्टॉरंटचं ऑफर लेटर दाखवलं. पोस्ट एक्झिक्युटिव्ह शेफ, महिना ४,५०० डॉलर, राहणं-खाणं फुकट आणि दोन वर्षांत पीआर (तिकडे कायम राहायची परवानगी) नक्की, असं म्हणतो. एकूण नऊ लाख सांगितलेत. ५० हजार टोकन मी दिलंय. बाकीच्यासाठी वडील दिंडोरीची द्राक्षबाग गहाण टाकायला तयार आहेत. तिकडे खरंच एवढं काम आहे का? पैसे भरू का? – एक वाचक, सातपूर

उत्तर : आधी बागेचं बोलू. बाग गहाण टाकू नका. आज घरी गेलास की वडिलांना एवढं सांग आणि मग पुढचं वाच. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस म्हणून तुला 'तू' म्हणतोय.

तिकडे काम आहे का, तर आहे. युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत हे तीन प्रदेश मिळून जमीन आपल्या देशापेक्षा जास्त, आणि २०२१ च्या जनगणनेत तिथली माणसं मोजली तर १ लाख १८ हजार. आपल्या एकट्या नाशिक शहरात २०११ लाच १४ लाख ८६ हजार होती. व्हाइटहॉर्स ही युकॉनची राजधानी, तिची वस्ती सुमारे २८ हजार. तिथली पोरं शिकायला दक्षिणेला जातात आणि बरीचशी तिकडेच राहतात. जी गावात राहतात त्यांना सरकारी खात्यात नाहीतर खाणीत किचनपेक्षा जास्त पैसे मिळतात. उन्हाळ्यात अलास्का हायवेने गाड्यांची रांग लागते, डॉसन सिटीला १८९६ मध्ये सोनं सापडलं ती जागा बघायला माणसं येतात, हिवाळ्यात आकाशातले हिरवे प्रकाश बघायला येतात. या सगळ्यांना सकाळी सहाला नाश्ता लागतो आणि तो करायला हात कमी पडतात. मी असताना हेच होतं, आजही तेच आहे.

पण ज्या हातांची तिथे गरज आहे, ते एक्झिक्युटिव्ह शेफचे नाहीत. २८ हजारांच्या गावात एक्झिक्युटिव्ह शेफ म्हणावं अशा जागा असून असून किती असणार? आणि ती जागा मालक ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, ज्याच्या हातचं कधी खाल्लं नाही, त्याला नाशिकला पत्र पाठवून देईल का? तूच तुझ्या रिसॉर्टचं किचन असं देशील का कुणाला? त्यांना हवा असतो तो नाश्त्याच्या लाइनवरचा कुक, ग्रिलवाला, भाजी-मांस कापून तयारी करणारा आणि बेकर. हे चांगलं, अब्रूचं काम आहे. पण त्याला शेफ म्हणून विकतात तिथेच फसवणूक सुरू होते.

ते ऑफर लेटर पुन्हा काढ. त्यात पाच आकडी कोड दिसतो का बघ. कॅनडात प्रत्येक कामाला सरकारी कोड असतो. शेफचा ६२२००, कुकचा ६३२००, किचन हेल्परचा ६५२०१. पदाचं नाव वरती मोठ्या अक्षरांत काहीही लिहिता येतं. खाली कामांची यादी वाच. भाजी धुणं, भांडी, फरशी, कचरा एवढंच असेल तर ती हेल्परची नोकरी आहे, मग वर काहीही छापलेलं असो. कोड नाही, कामाचे तास नाहीत, तासाचा दर नाही, मालकाची सही नाही, असं लेटर असेल तर तो नुसता कागद आहे.

पगाराचा हिशोब तासावर कर, महिन्यावर नको. एप्रिल २०२५ पासून युकॉनचा किमान दर तासाला १७.९४ डॉलर झाला. आठवड्याला ४० तास धरले तर महिन्याचे ३,१०० डॉलरच्या आसपास होतात, तेही कर कापायच्या आधी. तुझे ४,५०० म्हणजे तासाला २६. अनुभवी कुकला हे अशक्य नाही. पण 'राहणं फुकट' हे मात्र करारात ओळ म्हणून छापलेलं पाहिजे. उत्तरेत पगारापेक्षा घर हा मोठा प्रश्न आहे. घरं कमी, बांधायला महाग, आणि उणे ३० मध्ये गॅरेजमध्ये झोपता येत नाही. मला कुणी तिकडची नोकरी दाखवली की मी पगाराच्या आधी विचारतो, राहायचं कुठे, एका खोलीत किती जण, आणि पगारातून किती कापणार?

आता नऊ लाखांकडे येऊ. बाहेरचा कामगार आणायला मालकाला सहसा सरकारकडून परवानगी काढावी लागते, तिला तिकडे एलएमआयए म्हणतात. तिची फी एका जागेला १,००० डॉलर, ती मालकानेच भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. नोकरी कमी पगाराच्या गटात येत असेल तर जायचं-यायचं तिकीटही मालकाने द्यायचं, परवडेल अशा राहण्याची सोय बघायची आणि सरकारी आरोग्य विमा सुरू होईपर्यंतचा विमाही त्यानेच काढायचा. ज्या नोकरीचं तिकीटसुद्धा मालक देणं लागतो, त्या नोकरीसाठी तुझ्या वडिलांनी बाग का द्यायची?

दुसरी वाट युकॉनच्या नॉमिनी प्रोग्रामची, म्हणजे तिथलं सरकार पीआरसाठी नाव सुचवतं त्या योजनेची. पीआरची आशा दाखवतात ती याच नावावर. तिथेही अर्ज मालक करतो, आणि नोकरी बारा महिन्यांची, पूर्णवेळ लागते. मे ते सप्टेंबर चालणाऱ्या लॉजची हंगामी नोकरी त्यात बसत नाही. शिवाय २०२५ साली कॅनडाच्या केंद्र सरकारने सगळ्या प्रांतांच्या जागा निम्म्यावर आणल्या, तेव्हा युकॉनच्या वाट्याला सुरुवातीला फक्त २१५ आल्या. ४३० च्या २१५. अख्ख्या प्रदेशाला, सगळ्या धंद्यांना मिळून. त्यामुळे 'दोन वर्षांत पीआर नक्की' हे वाक्य कुणी बोललं की तिथून उठायचं. असं नक्की कुणीच करू शकत नाही.

आपल्याकडचाही कायदा आहे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. त्याचा नंबर ई-मायग्रेट या सरकारी साइटवर तपासता येतो, आणि त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. तो म्हणेल, मी एजंट नाही, व्हिसा कन्सल्टंट आहे. ठीक, मग कॅनडाच्या कायद्याने इमिग्रेशनच्या सल्ल्याचे पैसे फक्त वकील किंवा तिकडचे परवानाधारक कन्सल्टंट घेऊ शकतात, त्यांच्याही नंबरची यादी उघडी आहे. दोन्हींपैकी एक नंबर माग. टोकनची पावती माग. पावती नसेल तर व्हॉट्सॲपवर 'अमुक तारखेला ५० हजार दिले, परत करा' असं स्वच्छ लिहून पाठव आणि उत्तर जपून ठेव. टाळाटाळ झाली की सगळे कागद घेऊन पोलीस आयुक्तालयात आर्थिक गुन्हे शाखेकडे जा, आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) ऑफिसला लेखी तक्रार कर. लाजू नकोस. माझ्याकडे असे कागद घेऊन आलेली मुलं चांगल्या घरातली, हुशार आहेत, आणि लाजेपोटी गप्प बसून त्यांनी आणखी पैसे घालवलेत.

हे मी इतक्या तळमळीने लिहितोय त्याला कारण आहे. माझा पहिला मालक व्हाइटहॉर्समध्ये एक हॉटेल चालवायचा. आम्ही सहा जण त्याच्या घराच्या तळघरात राहायचो, एक संडास, एक खिडकी, आणि प्रत्येकाच्या पगारातून ४५० डॉलर भाडं कापलं जायचं. काम पहाटे पाच ते दुपारी चार, पगाराच्या चिठ्ठीवर मात्र आठ तास. वर्क परमिटवर त्याचंच नाव, त्यामुळे दुसरीकडे जाता येईना. आईने जाताना बॅगेत कालनिर्णय घातलं होतं. मी रोज रात्री त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने आलो-गेलो लिहायचो: ५.००–४.१०, ४.५०–३.४५. एकादशीच्या, संकष्टीच्या चौकोनात जागा कमी, तिथे बारीक अक्षरात. अकरा महिन्यांनी त्याच कालनिर्णयाचं पान न् पान मी तिकडच्या कामगार खात्याच्या टेबलावर ठेवलं. त्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण आकडे तेच होते. कापलेले तास मला परत मिळाले. आता, २०१९ पासून, छळ होत असलेल्या कामगाराला मालक बदलता यावा म्हणून वेगळं ओपन परमिटही देतात. तेव्हा ते नव्हतं. तू जाशील तेव्हा तास लिहून ठेव. मोबाईलवर नको, कागदावर.

आणि जायचं तर काय शिकायचं? तू इंडियन सेक्शनचा आहेस. तुझी मखनी ग्रेव्ही उत्तम असेल, पण तिकडे तुला उभं करतील ते तव्यासमोर, अंड्यांचा ट्रे देऊन. माझ्या पहिल्या सकाळी सू शेफने (मुख्य शेफच्या हाताखालच्या शेफने) तीस अंड्यांचा ट्रे ठेवला आणि म्हणाला, सगळी ओव्हर ईझी. म्हणजे पांढरं शिजलेलं, पिवळं वाहतं, उलटवून दहा सेकंद. पिवळं फुटलं की ते अंडं बाजूला. माझी अकरा फुटली. त्याने काही म्हटलं नाही, फक्त फुटलेली एका भांड्यात ओतत गेला, स्टाफच्या ऑम्लेटसाठी. तू उद्यापासून ब्रेकफास्टच्या शिफ्टला बदली माग. अंड्याचे सगळे प्रकार, पॅनकेक, हाडांचा स्टॉक करून सूप, स्टेक हाताने दाबून कितपत झालाय ते ओळखणं, एवढं आलं पाहिजे. प्रोब थर्मामीटर (अन्नात खुपसून तापमान बघायचा) वापरायची सवय लाव. तिकडे चव बिघडली तर एक वेळ चालतं, तापमान चुकलं तर घरी पाठवतात. ४ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न रेंगाळू द्यायचं नाही, चिकन आतून ७४ अंश, बीफचा खिमा ७१. हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत.

आणि ब्रेड शीक. सोन्याच्या मागे तिकडे गेलेली माणसं सावरडोचं, म्हणजे आंबट ब्रेडच्या पिठाचं आंबवण गोठू नये म्हणून अंगाशी, सदऱ्याच्या आत बाळगायची. पुढे उत्तरेत पूर्ण हिवाळा काढलेल्या माणसालाच 'सावरडो' म्हणायला लागले. आपलं विरजण जसं घराघरात जपतात तसं ते आंबवण तिकडे जपतात, वर्षानुवर्षं. नाशिकच्या वाईनरी रिसॉर्टमध्ये आता लाकडाच्या भट्ट्या आहेत, तिथल्या बेकरकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन उभा राहा.

इंग्रजीची आयईएलटीएस जनरल परीक्षा दे. आतापर्यंतच्या प्रत्येक हॉटेलकडून अनुभवपत्र घे, आणि त्यात नुसतं 'चांगला मुलगा' नको, तर पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि रोज काय करायचास ते लिहून घे. मग कॅनडा सरकारच्या जॉब बँक साइटवर जाऊन स्वतः अर्ज कर, युकॉनच्या हॉटेलांना थेट मेल कर. ३० मेल गेले तर दोन उत्तरं येतील. व्हिडिओ कॉलवर अंडं करून दाखवायची तयारी ठेव. माझ्या एका विद्यार्थ्याला असंच दाखवायला लावलं होतं, त्याने आईच्या बिडाच्या तव्यावर केलं. दीड वर्ष लागलं त्याला, पण त्याने एजंटला एक रुपया दिला नाही.

प्रश्न : माझे मिस्टर ३८ वर्षांचे, कँटीनमध्ये कुक आहेत. दोन आठवडे काम, दोन आठवडे सुट्टी अशा खाणीच्या कॅम्पातल्या नोकरीबद्दल त्यांनी ऐकलं. आमच्या घरात माळ आहे. ते चिकन-मटण करतात, पण चाखत नाहीत. तिकडे बीफ आणि पोर्क करावं लागेल का? मी आणि आठ वर्षांची मुलगी सोबत राहू शकतो का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, करावं लागेल. रोज. सकाळी बेकन, दुपारी बर्गर, रविवारी भाजलेलं बीफ. आणि फक्त करून भागत नाही, चाखावं लागतं. कँटीनमध्ये मिस्टरांच्या शेजारी चाखून सांगणारा कुणीतरी असेल. कॅम्पात रात्रपाळीला आम्ही दोघं-तिघं असायचो आणि मध्यरात्री शंभरावर माणसं जेवायला यायची. 'मीठ बघ रे' म्हणायला वेळ नसतो.

मी घरी कधी बीफ खाल्लं नव्हतं. तिकडे पहिल्याच आठवड्यात स्टॉकची चव घ्यायची वेळ आली. चमचा हातात धरून मी किती वेळ उभा होतो ते मला आठवतं. शेवटी घेतली, थुंकली, चूळ भरली, आणि रात्री आईला फोन करून सांगितलं. आई थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, खातोस की चाखतोस? मी म्हटलं, चाखतो. 'बरं' म्हणाली. तो निर्णय मी माझ्यापुरता घेतला. मिस्टरांनी काय करावं हे मी सांगणार नाही, पण तुम्ही दोघांनी हे इथे, घरात बसून ठरवा. तिकडे पोहोचल्यावर ठरवायची ही गोष्ट नाही. त्यांना अंडं चालत असेल तर एक वाट आहे: कॅम्पाचा बेकर. ब्रेड, मफिन, ॲपल पाय, कुकी. हे काम बहुतेक रात्री एकट्याने करायचं असतं. क्वचित चरबी, जिलेटिन येतं, पण मांसाच्या लाइनपासून सुटका होते, आणि चांगल्या बेकरला कॅम्पात शेफइतका मान असतो. आठशे-हजार मैल घरापासून लांब असलेला माणूस रात्री दोनला गरम दालचिनी रोल हातात घेतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

सोबत राहण्याचं मात्र नाही. कॅम्पात कुटुंब नेता येत नाही. विमानाने नेतात, विमानाने आणतात. दोन आठवडे रोज बारा तास काम, दारूला पूर्ण बंदी, एक छोटी खोली. तुम्ही येलोनाइफला राहिलात तर ते दोन आठवडे तुम्ही आणि मुलगी एकट्या. वीसेक हजारांचं गाव, डिसेंबरात उजेड जेमतेम पाच तास. ऑगस्ट २०२३ मध्ये जंगलाच्या वणव्यामुळे ते अख्खं गाव रिकामं करावं लागलं होतं आणि लोकांना सप्टेंबरात परतता आलं. शिवाय २१ जानेवारी २०२५ पासून कुकच्या जोडीदाराला पूर्वीसारखं सहज ओपन वर्क परमिट मिळत नाही, म्हणजे तुम्हाला तिथे नोकरी करता येईलच असं नाही. एकाच्या पगारावर तिकडे तिघांचं भागवणं कठीण. दूधभाजीसुद्धा हजारो किलोमीटरवरून येते.

आणखी एक. खाणीला आयुष्य असतं. डायविक ही तिथली मोठी हिऱ्याची खाण २००३ ला सुरू झाली, आणि २०२६ मध्ये तिचं उत्पादन थांबणार हे कंपनीने आधीच जाहीर केलं होतं. खाण बंद होते तेव्हा खाणकामगाराबरोबर कुकही घरी जातो. म्हणून कॅम्पाची ऑफर आली की विचारा, ही खाण अजून किती वर्षं चालणार आहे? हा प्रश्न विचारायला कुणी संकोचू नये, तिकडचे लोकही विचारतात.

तिथे एक गोष्ट मी पाहिली जी मला अजून आठवते. कॅम्पाला पक्का रस्ता नाही. जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत गोठलेल्या तलावांवरून बर्फाचा रस्ता करतात, तो मार्चअखेरपर्यंत, जेमतेम आठ आठवडे चालतो. डिझेल, सिमेंट, यंत्रं, वर्षभराचा कोरडा माल, सगळं त्यावरून. भरलेला ट्रक ताशी २५ किलोमीटरने जातो, त्याहून जोरात गेला तर खालच्या पाण्यात लाट उठून बर्फ तडकतो. पीठ, साखर, तेल किती लागणार याची यादी आम्ही नोव्हेंबरात बसून करायचो. माझी आजी मेमध्ये वर्षाचे गहू, तांदूळ, पापड-कुरडया भरायची, तिच्या डोक्यातला हिशोब मला तिथे उपयोगी पडला. यीस्ट मोजताना मी तिचीच पद्धत वापरली: रोजचं गुणिले दिवस, वर आठवडाभराचं पाहुण्यांचं.

प्रश्न : मी ४१ वर्षांची, इंदिरानगरला घरगुती मेस चालवते. पंधरा वर्षं रोज ६० डबे. डिप्लोमा नाही. मला जाता येईल का? – एक वाचक

उत्तर : ताई, ६० डबे रोज, पंधरा वर्षं, हे मोठ्या किचनचं काम आहे आणि मला ते मनापासून मोठं वाटतं. पण तिकडचा अधिकारी कागद बघतो. स्वतःच्या धंद्याचा अनुभव सिद्ध करायला नोंदणी, बँकेचे व्यवहार, कर भरल्याच्या पावत्या लागतात. डब्याचे पैसे रोख घेत असाल तर आजपासून खात्यावर घ्या, अन्न परवान्याची नोंदणी नसेल तर या महिन्यात करा. इंग्रजी बोलायचा क्लास लावा. तुमच्या वयाला आणि सध्याच्या कागदांवर आज जाता येईल असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल.

पण २०२७ चा सिंहस्थ आपल्याच दारात आहे. आखाड्यांची, बंदोबस्ताच्या माणसांची, स्वयंसेवकांची हजारो ताटं रोज लागणार आहेत. एखादं कंत्राट किंवा उपकंत्राट लेखी करारावर घ्या. त्यात पैसे तर आहेतच, शिवाय 'रोज इतकी ताटं, इतके दिवस' असा सही-शिक्क्याचा कागद हातात येईल. मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करता येतो याचा याहून चांगला पुरावा नाशिकमध्ये मिळणार नाही, मग पुढे जायचं असो वा इथेच वाढायचं असो. कराराचा मसुदा मला पाठवा, मी वाचून देतो.

प्रश्न : आमच्या निफाडला पारा चार-पाचवर आला तरी शेकोटी पेटवतो. उणे ४० ला किचनमध्ये काम कसं करतात? जाताना काय न्यावं? – एक विद्यार्थी, निफाड

उत्तर : किचन आत गरमच असतं, ओव्हनसमोर टी-शर्ट भिजतो. धोका दारात असतो. कचऱ्याची पिशवी टाकायला माणूस दोन मिनिटांसाठी म्हणून तसाच बाहेर जातो, हात नुकतेच धुतलेले, ओले. लोखंडी झाकणाला ओला हात लागला की चिकटतो. माझ्या उजव्या तळव्यावर त्याची खूण अजून आहे, चार बोटांच्या मुळाशी. युकॉनमधल्या स्नॅग गावात ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ ची नोंद झाली होती. तितकं रोज नसतं, पण उणे ३० चे आठवडे असतात, गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री तिला विजेच्या प्लगला लावून ठेवतात.

हवा इतकी कोरडी असते की मळलेलं पीठ पाच मिनिटांत वर खरपुडी धरतं, ओलं फडकं झाकायचंच. हातांना भेगा पडतात. खोबरेल तेल ने, दोन बाटल्या, रोज झोपताना लाव. स्वतःच्या सुऱ्या ने, पण केबिनमधल्या पिशवीत नको, खाली टाकायच्या बॅगेत. घरचा गोडा मसाला हवाबंद पाकिटात ने आणि उतरल्यावर फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं लिही. स्वेटर, कानटोपी इथून हवं तर घे. बूट, जाकीट आणि हातमोजे मात्र तिकडे पोहोचल्या दिवशी घे, त्यासाठी ५०० डॉलर वेगळे बाजूला ठेव. हातमोजे असे घे की बोटं एकत्र राहतील. आपल्याकडचे पाच बोटांचे तिथे चालत नाहीत.